टोकियोत पाच जणांसाठी हॉटेल: कोणता भाग, कोणती खोली?

अनघा_पुणे

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जपानला जायचं नक्की झालंय. आम्ही पाच जण आहोत. मी, नवरा, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा आणि सासूबाई, वय ७२. आधी सहा रात्री टोकियो, मग क्योटो. विमान सकाळी नारिताला उतरतं. क्योटोचं हॉटेल झालंय, गाडी अडलीय ती टोकियोवर.

सासूबाई सपाटीवर छान चालतात, पण गुडघ्यांमुळे जिना उतरणं त्यांना फार जड जातं. खाणं पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. त्यांची ही पहिलीच परदेशवारी आहे आणि ती त्यांना मनापासून अनुभवता यावी, संध्याकाळी खोलीवर दमून पडून राहायची वेळ येऊ नये, एवढी माझी इच्छा आहे.

पाहून ठेवलेले पर्याय असे:
१. शिंजुकूला एका उंच हॉटेलात शेजारशेजारच्या दोन खोल्या. प्रत्येकी १४ चौरस मीटर.
२. आसाकुसाला एक तीन जणांची आणि एक दोन जणांची खोली. यात सगळ्यात कमी पैसे लागतात.
३. उएनोजवळ ओकाचिमाचीला अपार्टमेंट पद्धतीचं हॉटेल. पाचही जण एकाच ४० चौरस मीटरच्या खोलीत, छोटं स्वयंपाकघर.
४. नवऱ्याचा मित्र म्हणतो निशी-कासाईला राहा, सगळे आपलेच लोक आहेत.

रात्रीला सगळे मिळून ४५ हजार येनपर्यंत जायची तयारी आहे. एक दिवस डिस्नीलँड आणि एक दिवस फुजी ठरलेलं आहे, बाकी सगळं मोकळं. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

केतकी_ठाणे

शिंजुकू! डोळे मिटून शिंजुकू घ्या. फुजीची बस तिथूनच सुटते, खरेदी तिथेच, रात्री कितीही वाजता परत आलात तरी रस्ते जागे असतात. आम्ही दक्षिण बाजूला राहिलो होतो, मुलांना तो झगमगाट फार आवडला. फक्त काबुकिचो भागातलं हॉटेल घेऊ नका, लहान मुलं आणि वडीलधाऱ्या माणसांसोबत रात्री तिथून चालत यायला नको वाटतं.

---

चिबाकर

अनघाताई, मी बरीच वर्षं इकडे जपानात आहे आणि ओळखीपाळखीतल्या कुणाचे ना कुणाचे आईवडील सतत येत असतात, त्यामुळे या प्रश्नावर माझं मत पक्कं झालेलं आहे. भाग कोणता ते नंतर ठरवा. आधी स्टेशन ठरवा. आणि स्टेशन म्हणजे नुसतं नाव नव्हे, त्याचं कोणतं दार तेही.

कारण असं. जपानमध्ये 'स्टेशनपासून चालत ५ मिनिटं' असं लिहिलेलं असतं तेव्हा हिशोब मिनिटाला ८० मीटरचा असतो. घरांच्या जाहिरातींसाठी तो नियमच आहे, हॉटेलंही साधारण तेच धरतात. म्हणजे ४०० मीटर. त्यात सिग्नलला थांबण्याचा वेळ धरलेला नसतो, चढ धरलेला नसतो, आणि मोजायला सुरुवात होते ती हॉटेलला सगळ्यात जवळ असलेल्या दारापासून. त्या दाराला नुसता जिना असतो आणि लिफ्ट असते चौकाच्या पलीकडच्या दाराला, असं इथे सर्रास आहे. प्लॅटफॉर्मपासून दारापर्यंतचं अंतर तर त्या पाच मिनिटांत नसतंच.

शिंजुकूत नेमकं हेच जड जातं. रोज लाखो माणसं तिथून ये-जा करतात, जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन आहे ते. बाहेर पडायची दारं दोनशेच्या वर. लिफ्ट आहेत, पण एका लिफ्टपासून दुसऱ्या लिफ्टपर्यंत जमिनीखालून चालणं खूप होतं. तरुण माणसाला त्याचं काही वाटत नाही. दिवसभर फिरून आलेल्या ७२ वर्षांच्या बाईला दिवसातली शेवटची पंधरा मिनिटं अशी काढायला लावू नये.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. इथल्या नेहमीच्या टॅक्सीत चार प्रवासी बसतात. तुम्ही पाच. मुलगा लहान असला तरी मोजला जातो. म्हणजे 'दमलो तर टॅक्सी करू' हा मार्ग तुम्हाला दोन टॅक्सींचा पडणार. टोकियोत मीटर ५०० येनला पडतो, तो साधारण एक किलोमीटरपर्यंत चालतो, म्हणजे जवळच्या अंतराला परवडतं. पण दोन गाड्यांत घरचे लोक विभागायचे, एका गाडीत पत्ता सांगणारं कोणी नाही, हे सगळं येतं. म्हणून पाच जणांनी स्टेशनच्या जवळच राहावं.

माझं मत: पर्याय ३, पण बुक करण्याआधी खोलीबद्दल बरंच विचारून घ्या. रात्री सवडीने लिहितो.

---

सह्यवेडा

चिबाकर, पूर्ण सहमत. त्यात भर म्हणून नारिताचा हिशोब. उएनोला केइसेई कंपनीची स्कायलायनर ही ट्रेन थेट येते, पाऊण तासाच्या आत. सगळ्या सीट राखीव, सामान ठेवायला जागा. शिंजुकूला नारिता एक्सप्रेस जाते, तिला दीड तासाच्या आसपास लागतो. रात्रभराचा विमानप्रवास झाल्यावर हा फरक चांगलाच जाणवतो.

एक लक्षात ठेवा, स्कायलायनरचं केइसेई-उएनो आणि जेआरचं, म्हणजे जपान रेल्वेचं उएनो ही वेगळी स्टेशनं आहेत. मधे रस्ता आहे, काही मिनिटांचं चालणं आहे. यामानोते लाइन (शहराला गोल फेरी मारणारी जेआरची लोकल) पकडायची असेल तर आधीच्या निप्पोरी स्टेशनला उतरून बदललेलं बरं.

---

मृण्मयी_क

आसाकुसाबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहिते. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन तिथेच राहिलो आणि मी पुन्हा तिथेच राहीन. पहाटे सहाला उठून सेन्सो-जी मंदिरात जायचं, आवारात मोजकी माणसं, धूप जळतोय, कबुतरं, झाडलोट चाललेली. सासूबाई रोज सकाळी जायच्या. हे सुख शिंजुकूत नाही आणि ओकाचिमाचीतही नाही. दहानंतर त्याच जागी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून चालत जाता येईल इतक्या जवळ राहण्याला महत्त्व आहे.

संध्याकाळी मात्र भाग लवकर शांत होतो. मंदिरासमोरच्या नाकामिसे गल्लीतली दुकानं सहा-सातच्या सुमारास बंद व्हायला लागतात. आम्हाला ते आवडलं.

घेतलंत तर एक जरूर बघा. 'आसाकुसा' नावाची दोन स्टेशनं आहेत. गिंझा लाइन, तोएई आसाकुसा लाइन आणि तोबूचं स्टेशन मंदिराच्या पूर्वेला नदीजवळ आहे. त्सुकुबा एक्सप्रेसचं आसाकुसा पश्चिमेला, चालत दहा मिनिटांवर. हॉटेलवाले 'आसाकुसा स्टेशनसमोर' लिहितात तेव्हा कोणतं आसाकुसा ते नकाशावर पाहा. स्वस्त हॉटेलं बरीचशी त्सुकुबा एक्सप्रेसच्या बाजूला आहेत आणि ती लाइन पर्यटकाच्या फारशी कामाची नाही.

---

अनघा_पुणे

मृण्मयी, तुमचा पहाटेचा अनुभव वाचून सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचा कल आता आसाकुसाकडे झुकलाय! मी पाहिलेलं हॉटेल बहुतेक त्याच दुसऱ्या आसाकुसाच्या बाजूचं आहे, नकाशावर आत्ताच पाहिलं. धन्यवाद, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

चिबाकर, खोलीबद्दल वाट बघते आहे. १४ चौरस मीटर म्हणजे नक्की किती हेच मला डोळ्यांसमोर येत नाहीये.

---

चिबाकर

लिहितो.

१४ चौरस मीटर म्हणजे साधारण १५० चौरस फूट, आणि त्यात बाथरूम धरलेलं. पलंग खोलीच्या तीन बाजूंच्या भिंतींना जवळजवळ लागलेला. मोठी बॅग जमिनीवर पूर्ण उघडली की दाराकडे जायची वाट बंद. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडत नाहीत, आळीपाळीने उघडाव्या लागतात. एकट्या नोकरदार माणसाला रात्री झोपायला केलेल्या या खोल्या आहेत आणि त्या कामाला त्या उत्तम आहेत: स्वच्छ, शांत, सगळं जागच्या जागी. कुटुंबाला सहा रात्री अडचण होते.

पलंगाच्या नावांकडे नीट बघा. 'सेमी-डबल' लिहिलं असेल तर तो १२० सेंटिमीटर रुंदीचा असतो. दोन जणांच्या दराने तो विकला जातो, पण आपल्याकडच्या दोन मोठ्या माणसांना तो पुरत नाही. 'डबल' बहुतेक १४०. 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे पलंग. 'ट्रिपल' म्हणजे बऱ्याच ठिकाणी ट्विनमध्येच सोफ्याचा केलेला तिसरा पलंग, आणि तो उघडला की खोलीत जमीन उरत नाही. इथल्या साइटवर प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ दिलेलं असतं. फोटो रुंद लेन्सने काढतात, आकडा खरं सांगतो. पाच जणांना एकत्र राहायचं तर ४०च्या खाली जाऊ नका.

दरही नीट वाचा. जपानी साइटवर दर बऱ्याचदा खोलीचा नसून माणशी असतो, पाहताना फार स्वस्त वाटतो.

माणसं खरी तेवढी लिहा. आपल्याकडे 'दोघांची खोली घेऊ, मुलं मावतील' चालून जातं, इथे चालत नाही. चेक-इनला प्रत्येक परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट मागतात. शाळेत न जाणारी मुलं आईवडिलांच्या पलंगावर झोपणार असतील तर बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत, त्यामुळे तुमचा मुलगा फुकट होईल, पण तो बुकिंगमध्ये दिसला पाहिजे. साध्या लोकल-मेट्रोलाही त्याचं तिकीट लागणार नाही. मुलीचं मात्र पूर्ण तिकीट, बारा वर्षांवर मोठ्यांचं भाडं.

आता बाथरूम. सासूबाईंसाठी माझ्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं. साध्या बिझनेस हॉटेलात 'युनिट बाथ' असतो. प्लॅस्टिकचा एकसंध साचा, त्यातच टॉयलेट, बेसिन आणि टब. आत जाताना दारात एक चांगली उंच पायरी असते, आणि आंघोळीसाठी टबची कड ओलांडून आत उतरावं लागतं. ती कड गुडघ्याएवढी उंच. ओल्या पायांनी ती ओलांडणं गुडघे दुखणाऱ्या माणसाला धोक्याचं आहे. अपार्टमेंट हॉटेलांत बऱ्याचदा टॉयलेट वेगळं आणि न्हाणीघर वेगळं असतं. न्हाणीघरात टबच्या बाहेर फरशीवर बसून आंघोळ करायची जागा असते, प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल, छोटं घमेलं, हाताचा शॉवर, आणि पाणी जायला जमिनीत जाळी. आपल्या आयांना हे लगेच घरच्यासारखं वाटतं, आणि टबात उतरायची गरजच पडत नाही. हॉटेलला ईमेल करून विचारा: टॉयलेट वेगळं आहे का, टबाबाहेर आंघोळीची जागा आहे का, दारात पायरी किती. उत्तर येतं, आणि नेमकं येतं.

पाच जणांना सकाळी एकच टॉयलेट असणार, तेव्हा ते न्हाणीघरापासून वेगळं असणं त्या दृष्टीनेही बरं.

---

रानवारा

वा, चिबाकर! ही पोस्ट छापून ठेवण्यासारखी आहे.

माझी भर स्वयंपाकघराबद्दल. शाकाहारी ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर स्वयंपाकघर असलेल्या खोलीचे पैसे वसूल होतात. जपानमध्ये भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, 'दाशी' म्हणतात त्याला. मांस दिसत नाही म्हणून शाकाहारी समजू नका. आम्ही रोज सकाळी खोलीवरच पोहे-उपमा करायचो, रात्री मुगाची खिचडी आणि मेतकूट-तूप. दही, दूध, केळी, बटाटे कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात मिळतात.

शेगडी इंडक्शनची असते. घरून ॲल्युमिनियमची कढई किंवा छोटा कुकर नेणार असाल तर बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच तिथे चालेल. आणि फोडणी मंद आचेवर, पंखा लावून करा. खोल्या लहान, धुराचा अलार्म संवेदनशील. ताजी फळं-भाज्या इथून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

बाहेर खायचं तर ओकाचिमाचीला एक वेगळाच फायदा आहे. तिथे दागिन्यांचा आणि रत्नांचा मोठा बाजार आहे, भारतीय जैन व्यापारी पिढ्यानपिढ्या आहेत, त्यामुळे शाकाहारी भारतीय जेवण चालत जाण्याच्या अंतरात मिळतं. शिवाय टोकियो स्टेशनच्या आत 'टीज तानतान' म्हणून पूर्ण शाकाहारी रामेनचं (सूपमधल्या नूडल्सचं) दुकान आहे, अंडं-दूधही नसतं. मुलांना आणि आजींना एकाच टेबलावर खरं जपानी रामेन खाता येईल.

---

पेटीवाला

निशी-कासाईला मी राहिलोय, कामानिमित्त. भाग फार चांगला, मोकळा, मुलांसाठी बागा. १९९९-२०००च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आपले अभियंते आले ते तिथे स्थिरावले, आज किराणा, हॉटेलं सगळं आहे. निशी-कासाई ज्यात येतं त्या एडोगावा वॉर्डच्या असेंब्लीत आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये निवडून आले, त्याचा तिथल्या मराठी घरांत केवढा आनंद होता! एका संध्याकाळी तिकडे जेवायला जरूर जा.

पण सहा रात्रींसाठी राहू नका. तिथली तोझाई लाइन सकाळी टोकियोतल्या सगळ्यात गर्दीच्या लाइनींपैकी एक. साडेसात ते नऊ सासूबाई आणि पाच वर्षांच्या मुलाला घेऊन चढणं शक्य नाही, म्हणजे रोज नऊपर्यंत अडकून पडाल.

---

केतकी_ठाणे

मान्य, ज्येष्ठांचा मुद्दा मी धरला नव्हता. पण फुजीचं काय? उएनोहून सकाळी शिंजुकूला जाऊन बस पकडायची म्हणजे पुन्हा गर्दी आलीच ना? आणि डिस्नी तर दुसऱ्या टोकाला.

---

चिबाकर

रास्त प्रश्न. फुजीजवळच्या कावागुचिकोला टोकियो स्टेशनवरूनही बस सुटतात. ओकाचिमाचीहून यामानोतेने टोकियो स्टेशन काही मिनिटांवर आहे. बसची सीट आधी राखून ठेवा. शिंजुकूहून 'फुजी एक्स्कर्शन' ही थेट ट्रेनही आहे, दोन तासांच्या आत पोचवते, पण तिच्या जागा लवकर भरतात.

डिस्नीचं सांगतो, कारण इथे बहुतेक लोक टोकियो स्टेशनला फसतात. डिस्नीच्या स्टेशनला, म्हणजे माइहामाला जाणारी केइयो लाइन टोकियो स्टेशनवरूनच सुटते हे खरं, पण तिचे प्लॅटफॉर्म मुख्य स्टेशनपासून इतके लांब, इतके खोल आहेत की नुसतं तिथवर पोचायला दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. सरकते पट्टे आहेत तरी. दिवसभर डिस्नीत फिरून रात्री तेच उलट चालायचं. त्यापेक्षा ओकाचिमाचीजवळच नाका-ओकाचिमाची नावाचं हिबिया लाइनचं स्टेशन आहे. तिथून हात्चोबोरीला थेट या आणि तिथे केइयो लाइन पकडा. बदल बराच सोपा.

खरं तर अपार्टमेंट हॉटेल मिळालं नाही तर हात्चोबोरी हाही विचार करण्यासारखा भाग आहे. कचेऱ्यांचा भाग, शनिवार-रविवारी शुकशुकाट, खायला कमी, पण हॉटेलं नवी आणि त्या मानाने दर कमी. हिबिया लाइनवर गिंझा, त्सुकिजी, अकिहाबारा, उएनो सगळं सरळ.

सबवेचं २४, ४८ आणि ७२ तासांचं पर्यटक तिकीट मिळतं, ते मेट्रो आणि तोएई या सबवेच्या दोन्ही कंपन्यांवर चालतं पण यामानोतेसारख्या जेआरच्या गाड्यांवर चालत नाही. नाका-ओकाचिमाची, उएनो-ओकाचिमाची आणि जेआरचं ओकाचिमाची ही तीन स्टेशनं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे तुम्हाला दोन्ही हाताशी राहतील.

---

सह्यवेडा

मृण्मयीताईंच्या पहाटेच्या मंदिरासाठी: उएनोहून आसाकुसा गिंझा लाइनने अगदी पाच मिनिटांचा प्रवास आहे. १९२७ मध्ये आशियातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली ती याच दोन स्टेशनांमध्ये. जुनी असल्याने ती फार खोलही नाही. पहाटे गाडी रिकामी असते. सासूबाईंचं सेन्सो-जी एका सकाळी आरामात होईल, मुक्काम कुठेही असला तरी.

---

मृण्मयी_क

सह्यवेडा, हे पटलं. साडेसहापर्यंत पोचतील असं बघा म्हणजे झालं.

---

निशिगंध_७

वाचनमात्र होते, पण दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही टोकियोत असताना मध्यम भूकंप झाला. इमारतीला काहीही झालं नाही, पण लिफ्ट आपोआप थांबली आणि तपासणी होईपर्यंत सुरू झाली नाही. तिथे तशीच पद्धत आहे. आम्ही अकराव्या मजल्यावर होतो आणि बाबांना खालीच थांबून राहावं लागलं. म्हणून ज्येष्ठांसोबत खालचा मजला मागा, तिसरा-चौथा. जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, तेव्हा तिसरा म्हणजे आपला दुसरा. इमारत १९८१ नंतरची असेल तर ती भूकंपाच्या नव्या नियमांनी बांधलेली असते, त्याबद्दल निर्धास्त राहा.

दुसरं, खोली सिगारेट न ओढणाऱ्यांची आहे ना ते बुकिंगमध्ये पाहा. स्वस्तात मिळणारी शेवटची खोली बऱ्याचदा सिगारेटवाली असते आणि पडद्यांना येणारा तो वास जात नाही.

---

अनघा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ओकाचिमाचीच्या हॉटेलला ईमेल केला होता, एका दिवसात उत्तर आलं. टॉयलेट वेगळं आहे. न्हाणीघरात टबाबाहेर बसायची जागा आणि स्टूल आहे. दारात पायरी ३ सेंटिमीटर, त्यांनी मोजून फोटो पाठवला! चौथ्या मजल्यावरची खोली मिळेल, रेल्वेच्या विरुद्ध बाजूची. दोन मोठे पलंग आणि एक वेगळा सिंगल, जमिनीवरची गादी नाही. रात्रीला ४३ हजार येन, सात दिवस आधीपर्यंत रद्द करता येतं. सासूबाईंना फोटो दाखवले, त्यांनी स्टूल पाहून लगेच होकार दिला.

चिबाकर, दोनच प्रश्न उरलेत. स्टेशनचं लिफ्टचं दार घरबसल्या कसं शोधायचं? आणि आम्ही सकाळी अकराच्या सुमारास उएनोला पोचणार, खोली मिळणार तीनला. विमानप्रवासाने दमलेली माणसं घेऊन चार तास काय करायचं?

---

चिबाकर

छान झालं. ४३ हजारात पाच जणांना मे महिन्यात ही खोली चांगली मिळाली. गोल्डन वीक, म्हणजे इथला सुट्ट्यांचा गर्दीचा आठवडा, ५ मेच्या आसपास संपतो, त्यानंतरचा आठवडा निवडलात हेही उत्तम.

लिफ्टसाठी: गूगल मॅप्समध्ये सार्वजनिक वाहतुकीच्या पर्यायांत व्हीलचेअरचा मार्ग निवडा, तो तुम्हाला लिफ्टच्या दारानेच नेतो. मेट्रोच्या साइटवर प्रत्येक स्टेशनचा नकाशा आहे, त्यात लिफ्टचं चिन्ह आणि दाराचा क्रमांक दिलेला असतो. तुमच्या तिन्ही स्टेशनांचे नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि लिफ्टच्या दारापासून हॉटेलपर्यंतचा रस्ता स्ट्रीट व्ह्यूमध्ये एकदा चालून बघा. ओकाचिमाची सपाट आहे, चढ लागणार नाही. उएनो-ओकाचिमाचीवरची ओएदो लाइन मात्र शक्य तिथे टाळा, ती फार खोलवरून जाते.

पहिल्या दिवसाचं. सामान घेऊन सरळ हॉटेलवर जा, खोली मिळायच्या आधीही ते ठेवून घेतात, पैसे लागत नाहीत. सासूबाईंची औषधं, एक स्वेटर आणि मुलाचे कपडे हातातल्या पिशवीत काढून घ्या. मग काहीतरी खाऊन उएनो पार्कला जा. जेआर उएनोच्या 'पार्क एक्झिट'ने बाहेर पडा. २०२० मध्ये त्यांनी ते दार हलवून समोरची गाड्यांची वाहतूक काढून टाकली, त्यामुळे आता स्टेशनातून थेट बागेत जाता येतं, ना जिना, ना रस्ता ओलांडणं. इतर दारांनी गेलात तर बागेचा चढ चढावा लागतो.

बागेत शिरताच उजव्या हाताला पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. चंदीगड उभारणाऱ्या ल कॉर्ब्युझिएचंच काम ते, २०१६ मध्ये चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्ससोबतच जागतिक वारसा झालं. प्राणिसंग्रहालयही सरळ पाच मिनिटांवर, मुलाला घेऊन एक जण तिकडे जाऊ शकेल, बाकीचे झाडाखाली बाकावर बसतील. दोन्ही सोमवारी बंद असतात, तुमचा पोचायचा वार बघून घ्या.

क्योटोला जायच्या आदल्या दिवशी मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरून कुरिअरने पुढे पाठवा. दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलवर मिळतात. शिनकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी सामानाची जागा जोडलेली सीट आधी राखावी लागते, तो व्यापही वाचेल. फॉर्म हॉटेलवाले भरून देतात, तुम्ही फक्त क्योटोच्या हॉटेलचा जपानी लिपीतला पत्ता आणि फोन नंबर प्रिंट काढून जवळ ठेवा.